कांडत कांडत विहिरीत

टेम्पो विहिरीत पडला की तो सगळ्यांत आधी बेडकांना दिसतो. मग विहिरीच्या मालकाला, मग गावाला, मग शेजारच्या गावाला, आणि सगळ्यांत शेवटी मला. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो. मी पोचेपर्यंत अपघाताची गोष्ट इतक्या तोंडांतून फिरून आलेली असे की टेम्पो पडला होता की उडाला होता, इथपासून सुरुवात करावी लागे.

आमचं काम बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत वाटायचं की मी गाड्या धडकवतो. खरा प्रकार असा: गाडीला अपघात झाला की मालक विमा कंपनीकडे भरपाई मागतो. कंपनीला वाटतं, मालक वाढवून सांगतोय. मालकाला वाटतं, कंपनी बुडवायलाच बसलीय. गॅरेजवाल्याला वाटतं, दोघांचंही खरं असेल, पण त्या निमित्तानं बंपर नवीन टाकून घ्यावा. या तिघांच्या मधे उन्हात उभं राहून गाडीकडे बघणारा जो चौथा माणूस असतो, ज्याला चहा तिघेही पाजतात आणि शिव्याही तिघेही देतात, तो सर्व्हेअर. नुकसान किती झालं आणि ते कसं झालं, एवढं पाहून त्यानं अहवाल लिहायचा. कसं झालं, यातच सगळी गंमत.

कारण आमच्या जिल्ह्यात झाडं फार चालतात. एका टोकाला कोपरगाव आणि दुसऱ्या टोकाला जामखेड, या सगळ्या टापूत मी जबाब घेतले. 'मी आपला सरळ चाललो होतो, बाभळ आडवी आली' हे वाक्य दोन्हीकडे तंतोतंत सारखं. म्हैस नेहमी चुकीच्या बाजूनं येते. विजेचा खांब काल तिथं नसतो. एकदा राहुरीकडच्या एका गृहस्थांनी सांगितलं की गाडी उभी होती आणि भिंत येऊन धडकली. मी तोंड फिरवून हसलो. जाऊन बघतो तर खरंच, जुनी मातीची भिंत पावसानं भिजून गाडीवर येऊन बसली होती. त्या दिवसापासून ठरवलं, आधी बघायचं, मग हसायचं. हा नियम मी कसोशीनं पाळला. फक्त एकदा ऐकतानाच हसू फुटलं, ती ही हकिकत.

गावाचं नाव लिहीत नाही. जामखेडच्या पुढे आहे एवढं पुरे. तिथल्या यात्रेला आताच गाड्या लावायला जागा नसते, त्यात माझ्यामुळे भर नको.

कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून फोन आला, की टेम्पो विहिरीत आहे आणि पडला तेव्हा आत कोणीच नव्हतं. मी म्हटलं, बरं झालं. पलीकडचे साहेब म्हणाले, बरं कसलं, कोणी नव्हतं तर मग तो गेला कसा? गाडी उभी करताना मालकानं काळजी घेतली नसेल तर क्लेम देता येणार नाही, तेवढं नीट बघा.

टेम्पोच्या मालकाचं नाव भाऊसाहेब. हे त्याचं नावच, पदवी नव्हे. आमच्या जिल्ह्यात निम्मी माणसं जन्मतःच साहेब असतात. पाळण्यातच भाऊसाहेब, आप्पासाहेब, रावसाहेब. पुढे मोठेपणी खरा साहेब आला की त्याला नुसतं 'साहेब' म्हणून भागवतात. तर हे भाऊसाहेब देवळाली प्रवराचे. आधी नगरला एका कारखान्यात कामाला होते. तिथल्या सुपरवायझरशी पटलं नाही, म्हणून राजीनामा देऊन त्यांनी एक छोटा टेम्पो घेतला आणि त्याच्या पाठीवर मिरची कांडपाचं यंत्र बसवलं. लोखंडी उखळं, त्यात धाड धाड आपटणारी मुसळं, आणि ती चालवायला डिझेल इंजिन. होळी झाली की मृग लागेपर्यंत हा माणूस गावोगाव फिरायचा. टेम्पोवरच्या भोंग्यात त्याच्याच बायकोचा, संगीताताईंचा आवाज: 'मिरची कांडून घ्या, मसाला कांडून घ्या, ताई, आक्का, मावशी.' त्या स्वतः घरी असायच्या आणि आवाज जिल्हाभर फिरायचा. घराघरांतून भाजलेलं खोबरं, धने, मिरची घेऊन बायका यायच्या आणि वर्षाचा काळा मसाला डब्यात भरून न्यायच्या. या दिवसांतल्या कमाईवर भाऊसाहेबांचं बाकीचं वर्ष निघे. आणि टेम्पो विहिरीत गेला तो नेमका हंगामाच्या तोंडावर.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो, तेव्हाही विहिरीभोवती यात्राच होती. एक जण भेळ विकत होता. विहीर आप्पासाहेबांची. ते काठावर कमरेवर हात ठेवून उभे होते. खाली कमरेएवढं पाणी आणि त्यात टेम्पो तोंड खुपसून, शेपूट वर करून बसलेला. पाणी लालभडक. उखळातली सगळी मिरची त्यात उतरली होती. म्हशींनी ते पाणी हुंगून माना फिरवल्या होत्या. आप्पासाहेबांना टेम्पोचं काही नव्हतं, त्यांना त्यांच्या कांद्याची काळजी. अपघाताच्या आधीच विहिरीवरची पाण्याची मोटार चालू होती आणि ती बंद करेपर्यंत बरंचसं लाल पाणी वाफ्यांत गेलं होतं. मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, 'साहेब, कांदा तिखट आला तर त्यो इम्यात बसतो का?'

भाऊसाहेब मात्र गर्दीपासून दूर होते. धिप्पाड माणूस, पण लिंबाच्या बुंध्याला टेकून असा बसला होता, की जणू तोच विहिरीतून नुकता निघालाय. मी जवळ जाऊन बसलो आणि झालं काय ते विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. टेम्पो आप्पासाहेबांच्या खळ्यावर लावला होता. तिथून विहिरीकडे थोडा उतार आहे. मिरची आप्पासाहेबांच्याच घरची, त्यांच्या आईची, हौसाआजींची. इंजिन चालू केलं, मुसळं चालू झाली, ठसका उडाला, तशा बायका पदर नाकाला लावून लांब सावलीत पळाल्या. घाणा निघायला वेळ होता, म्हणून भाऊसाहेब ओसरीवर चहाला गेले. कप तोंडाला लावतात तोच आरडाओरडा झाला. बघतात तर टेम्पो चाललेला. आत कोणी नाही आणि मागे मुसळं तशीच धाड धाड चालू. एकेका दणक्यासरशी टेम्पो पुढे सरकतोय. असा तो कांडत कांडत काठापर्यंत गेला आणि संगीताताईंच्या आवाजात 'ताई, आक्का, मावशी' म्हणत खाली उतरला.

इथं माझा नियम मोडला. मी हसलो. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं.

'हँडब्रेक ओढला होता का?' मी विचारलं.

'वढला हुता. पन साहेब, कांडप चालू असलं की टेम्पो असा हादरतो का हँडब्रेक ढिला पडतो. म्हून मी कायम चाकाला दगड लावतो. माझा ठरलेला दगड हाय. पहिल्या दिवसापास्नं त्योच. त्यो लावल्याबिगर मी इंजिन चालूच करीत न्हाई.'

'मग तो दगड कुठाय?'

'त्येच तर,' असं म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरले. दगड नव्हता. खळ्यावर नव्हता, उतारावर नव्हता, चाकाच्या वाटेत नव्हता. गावकऱ्यांना विचारलं तर प्रत्येकानं दगड पाहिला नसल्याचं छातीठोकपणे सांगितलं. यात खोटं काही नव्हतं. टेम्पो बघायला आलेला माणूस चाकाखालचा दगड कशाला बघेल?

आता सगळी भरपाई त्या दगडावर येऊन ठेपली होती. दगड लावला होता असं दिसलं तर मालकानं काळजी घेतली, क्लेम मंजूर. नाही दिसला तर निष्काळजीपणा, आणि भाऊसाहेब परत त्या सुपरवायझरच्या दारात. ते मला दगडाचं वर्णन सांगू लागले, जसं पोलिसात हरवलेल्या माणसाचं सांगतात. प्रवरेच्या पात्रातला, गोल, एका अंगानं चपटा, साधारण कलिंगडाएवढा, मूळचा काळा पण आता मिरचीनं लाल झालेला. मिरची कांडताना बायका तेलाचा हात लावतात. ते तेल आणि ती पूड वर्षानुवर्षं दगडावर बसत गेली होती. आमच्याभोवती माणसं कान देऊन उभी होती. त्यांत हौसाआजीही होत्या. वर्णन अर्ध्यावर आलं, तशा त्या उठून घरात गेल्या. मला त्याचं काही वाटलं नाही.

दगड विहिरीत गेला असेल, असं सगळ्यांचं मत पडलं. म्हणून टेम्पो काढायचं ठरलं. विहीर खोदताना खालचे दगड वर ओढायला जे यंत्र लावतात, त्याला आमच्याकडे यारी म्हणतात. शेजारच्या वस्तीवरून यारी आली. एकट्या यारीला झेपेना, म्हणून दोन ट्रॅक्टर जुंपले. सूचना देणारे इतके होते की यारीवाला शेवटी कानात कापूस घालून बसला. टेम्पो वर आला, पाणी ओघळलं, मी दार उघडलं, तर ड्रायव्हरच्या सीटवर विहिरीतलं कासव बसलेलं. तिखट पाण्याला कंटाळून बिचाऱ्यानं वरची जागा धरली होती. मान बाहेर काढून ते स्टिअरिंगकडे बघत होतं.

गर्दीतून आवाज आला, 'साहेब, डायवर घावला.'

दुसरा म्हणाला, 'लायसन इचारा.'

भाऊसाहेबसुद्धा हसले. पण विहिरीच्या तळात माणूस उतरवून पाहिलं, तरी दगड काही मिळाला नाही. आणि टेम्पो पाहताच मला कळलं की त्याचं आता काही होणार नाही. चासीच वाकली होती. आमच्या भाषेत टोटल लॉस. कांडपाचं यंत्र मात्र बिडाचं, त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

दुपारी आप्पासाहेबांनी जेवायला थांबवलं. हात धुवायला मी लिंबाखाली गेलो, तर बुंध्याशी एक छोटासा देव. हार, नारळ, उदबत्त्या, समोर भंडाऱ्याची वाटी. सकाळी भाऊसाहेब त्याच बुंध्याच्या दुसऱ्या अंगाला बसले होते, त्यामुळे मला दिसला नव्हता. आप्पासाहेबांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं की हा देव स्वयंभू आहे आणि टेम्पो पडला त्याच दिवशी प्रकटला. आईला सापडला. एवढा टेम्पो गेला, पण माणसाला खरचटलं नाही, ते याच्यामुळेच. देवाच्या पाठीवर चक्राची खूणसुद्धा आहे. जामखेडहून डोळे आणून बसवले आहेत आणि रविवारी आजूबाजूच्या गावांतून माणसं येणार आहेत. भाऊसाहेबांनीही नवस बोललाय.

'कसला?' मी विचारलं.

भाऊसाहेब लाजून म्हणाले, 'माझा दगड घावू दे म्हून.'

मी साळवे. नगरच्या ख्रिस्ती वस्तीत वाढलो. पण पाहुण्यानं घरच्या देवापुढे वाकावं, ही शिकवण माझ्या आजीची, आणि ती दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर असायची. तेव्हा मी चपला काढल्या, हात जोडले आणि खाली वाकलो. वाकलो तो सटासट शिंकतच सुटलो. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. देवाला येणारा वास शेंदराचा नव्हता. तो लवंगी मिरचीचा होता.

पुसलेल्या डोळ्यांनी मी पुन्हा नीट पाहिलं. पुढून ताजा शेंदूर आणि ते टपोरे चांदीचे डोळे. डोळे लावल्यावर ओळखीचा माणूस ओळखू येत नाही, मग दगडाचं काय घेऊन बसलात. पण मागून तो गोल होता, एका अंगानं चपटा होता, कलिंगडाएवढा होता, आणि पाठीवरची ती चक्राची खूण मी जन्मभर पाहत आलो होतो. टायरची नक्षी होती ती. टेम्पोच्या पुढच्या टायरची. भाऊसाहेब आपला हरवलेला दगड सापडावा म्हणून त्या दगडालाच नवस बोलले होते.

जेवायला बसलो. शेंगोळ्या फार छान होत्या, तरी मी त्या ताटात नुसत्या फिरवत राहिलो. सांगायचं कसं? साळवे आडनावाच्या माणसानं गावात येऊन, गावाच्या ताटात जेवून, गावाला सांगायचं की तुमचा देव म्हणजे चाकाचा दगड आहे? मला नगरला परत जायचं होतं, तेही धड अवस्थेत. आणि खरं सांगतो, भीतीपेक्षा लाजच जास्त वाटत होती. दुसऱ्याच्या देवाकडे बोट दाखवणं हे माझं काम नव्हे. पण गप्प बसलो असतो तर भाऊसाहेबांचा धंदा बुडाला असता, तोही त्यांची काही चूक नसताना. टेम्पो कसा पडला हे मला माहीत होतं आणि लिहिता येत नव्हतं.

मी खळ्यावर उगाच टेप घेऊन उताराचं माप घेत बसलो. थोड्या वेळानं हौसाआजी आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. बारीकशा, नऊवारीचा पदर घट्ट, कपाळावर मोठं कुंकू.

'साहेब, तुमी शिंकला तवाच मला कळलं,' त्या म्हणाल्या, 'तुमाला कळलं म्हून.'

मी टेप गुंडाळून बाजूला ठेवला.

'बाया समद्या ठसक्यानं पळाल्या. मी एकटीच हुते, माझी मिरची हुती ना. खाली बघितलं, तर चाकाखाली ह्यो. लालभडक, त्येलानं न्हालेला. आन् टेम्पो हादरत हुता, तसा ह्योबी थरथर कापत हुता. म्हनलं, देवाला चाकाखाली घातलाय कुनी? मला बघवंना. पदरात घेतला, लिंबाखाली नेऊन ठिवला. पाठ वळवली, तर टेम्पो चालला.'

'मग तुम्हाला दगडाचं कधी कळलं?'

'तुमच्याम्होरं त्यो दगडाचा रंग सांगाया लागला तवा.' त्यांनी पदर डोळ्यांना लावला. 'आता सांगितलं तर गाव म्हनंल, म्हातारीला देव आन् दगड कळंना. न्हाई सांगितलं तर त्या लेकराचं वाटुळं हुतंय. मी काय करू?'

मी म्हणालो, 'आजी, मी देवाबद्दल काही लिहीत नाही. माझ्या अहवालात देवाला रकाना नाही. मला फक्त टेम्पोबद्दल लिहायचंय.'

त्यांनी डोळे पुसले आणि विहिरीकडे पाहिलं. मिरची त्यांची, विहीर त्यांच्या मुलाची, आणि दगडही त्यांनीच उचललेला. एवढं सगळं एकाच घरात घडवून आणायला खरोखर देवच लागतो.

संध्याकाळी आरतीला सगळं गाव लिंबाखाली जमलं. आरती झाली आणि आजी उभ्या राहिल्या. त्यांनी जे मला सांगितलं, तेच सगळ्यांना सांगितलं, एक शब्द न गाळता. शेवटी भाऊसाहेबांकडे वळून त्यांनी हात जोडले. 'लेकरा, तुझा दगड म्या नेला. तुझी काय बी चूक न्हाई.'

मी माझी बॅग उचलून घेतली. वेळ आलीच तर पळायला बरी. भाऊसाहेब तोंड उघडं टाकून देवाकडे बघत होते. मग ते पुढे गेले, वाकले, देवाच्या मागच्या अंगावरून हात फिरवला, आणि म्हणाले, 'व्हय की. माझाच हाय.'

मी आयुष्यभर माणसांचे जबाब घेतले, पण गावाची अक्कल कुठल्या वाटेनं जाईल, हे मला कधी सांगता आलं नाही. मागून एक म्हातारे बोलले, 'म्हंजी देव आदी ह्येच्या टेम्पोत हुता?'

'पहिल्या दिवसापास्नं,' भाऊसाहेब म्हणाले.

'आन् कुठनं आनला हुता?'

'परवरेतनं.'

'गंगा-गोदंची लेकच ती,' म्हातारे म्हणाले. 'आमच्या गावाला यायचं हुतं त्येला. ह्यो बसला ह्येच्या टेम्पोत. ह्येनं फुकट आनला इतका लांब, आन् आपन त्येचाच टेम्पो बुडीवला.'

सगळ्यांच्या माना हलल्या. देवाचं देवपण तसूभरही कमी झालं नाही, उलट भाऊसाहेबांचं वजन वाढलं. देवाला इतकी वर्षं गावोगाव फिरवून आणणारा हा माणूस, आणि त्याला आपण काय दिलं, तर विहीर. आजींना तर कोणी हसलंच नाही. देव चाकाखाली आहे हे शेवटी त्यांनाच दिसलं होतं. हौसाआजी खाली बसल्या आणि मोकळेपणानं रडल्या. भाऊसाहेब त्यांच्या शेजारी बसून त्यांना समजावत होते, की मिरची तुमची पहिली कांडून देतो. कशानं देणार, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

ते आप्पासाहेबांना सुचलं. टोटल लॉस झाला की मोडकी गाडी कंपनीची होते, पण कांडपाचा विमा नव्हता, त्यामुळे यंत्रावर कंपनीचा काही हक्क नव्हता. ते भाऊसाहेबांचंच. भिजलेलं इंजिन बाजूला काढलं, यंत्र धुऊनपुसून खळ्यावर पक्कं रोवलं, आणि आप्पासाहेबांच्या ट्रॅक्टरला पट्टा लावून मुसळं चालू केली. पहिला घाणा हौसाआजींचा. फिरता धंदा बसता झाला. रविवारी देवाला आलेल्या बायकांना लिंबाखाली देव आणि खळ्यावर कांडप असं दोन्ही दिसलं. पुढच्या रविवारी त्या मिरचीच घेऊन आल्या. पंचक्रोशीत बातमी गेली की या देवासमोर कांडलेला मसाला वर्षभर जाळी धरत नाही. ही बातमी कोणी उठवली ते मला माहीत आहे, पण आप्पासाहेबांचं नाव मी घेणार नाही. संगीताताई भोंग्यातून निघून प्रत्यक्ष तिथं येऊन राहिल्या. हंगाम वाचला.

माझं युद्ध पुढे होतं. अहवालात कारण काय लिहायचं यावर मी फार विचार केला आणि शेवटी लिहिलं: 'चाकाला लावलेला दगड एका वयस्कर बाईंनी आदरपूर्वक उचलून बाजूला ठेवल्यामुळे वाहन उतारावरून सरकले.' पुण्याच्या साहेबांचा फोन आला.

'साळवे, हे आदरपूर्वक म्हणजे काय?'

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, दगडाचा फोटो पाठवा. पाठवला. पुन्हा फोन. 'याला तर डोळे आहेत.'

'नंतर बसवलेत, सर.'

'हार बाजूला करून साधा फोटो काढता येईल का?'

मी म्हटलं, 'सर, आपण स्वतः येऊन काढावा. नारळ मी आणतो.' ते आले नाहीत. पण आजींचा जबाब, टायरच्या नक्षीचा फोटो आणि उताराचं माप, एवढ्यावर क्लेम मंजूर झाला. माझ्या उभ्या कारकिर्दीत या अहवालाइतका अभिमान मला कशाचाच वाटला नाही. आता मी निवृत्त आहे. हल्ली लहान-सहान अपघातांना कोणी बघायलाच जात नाही, मालकाकडून मोबाईलवर फोटो मागवतात आणि बसल्या जागी ठरवतात. वेळ वाचत असेल. पण फोटोला मिरचीचा वास येत नाही, आणि शिंक आल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत, एवढी खंत मनात राहते.

पुढच्या वर्षी होळीनंतर भाऊसाहेबांचा फोन आला. नवा टेम्पो घेतला होता. देवाच्या पाया पडून धंद्याला निघायचं, तुम्ही यायलाच पाहिजे. मी गेलो. आप्पासाहेबांनी कांद्याची पोती दाखवली. कांदा नेहमीसारखाच निघाला होता, तरी तो चिरताना डोळ्यांत पाणी जरा जास्तच येतं, असं ते शपथेवर सांगत होते. कासव विहिरीत परतलं होतं. लिंबाखाली आता पार बांधला होता, देवावर पत्र्याचं छप्पर होतं, आणि बाजूच्या खळ्यावर कांडप तसंच चालू ठेवून संगीताताई बायकांशी हुज्जत घालत होत्या. टेम्पोवर दुसरं यंत्र बसवलं होतं. जुन्या टेम्पोची आठवण म्हणून त्याच्या पुढच्या काचेवर एक कासव रंगवलं होतं.

टेम्पो खळ्यावर उभा राहिला, त्याच उतारावर. भाऊसाहेबांनी हँडब्रेक ओढला, मग मागचा फाळका उघडून नवा दगड काढला आणि चाकाखाली सरकवला. सवयीनं मी बघायला वाकलो. दगड पांढरा रंगवलेला होता आणि त्यावर निळ्या ऑइलपेंटनं ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'हा दगड आहे. देव नाही. उचलू नये.'

'शिकलेल्या बायकांचं भागंल,' भाऊसाहेब मला हळूच म्हणाले. 'पन आजीला वाचता येत न्हाई. त्यांना कसं सांगावं?'

आम्ही बोलत होतो तोवर हौसाआजी तबक घेऊन आल्या. टेम्पोला ओवाळलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांवर पाणी सोडलं. मग खाली बघितलं आणि थांबल्या. भाऊसाहेब श्वास रोखून उभे. मीही. आजी गुडघ्यावर हात टेकून सावकाश वाकल्या, पांढऱ्या दगडाला हळद लावली, कुंकू लावलं, वर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि नमस्कार केला.

पण जागचा हलवला नाही.